डब्याचं कव्हर

गॅलरीतल्या डब्याकडे बघून विमानतळाचा शेवाळे मेकॅनिक जागीच थिजला. हवा आणि आवाज मोजणाऱ्या त्या यंत्रावर गोधडीच्या कापडाचं जाड कव्हर होतं, खाली इलॅस्टिक लावलेलं.

“आजी, हे कोणी घातलं?”

“मीच शिवलं. म्हटलं, नव्या वस्तूवर धूळ नको बसायला,” कुमुदताई कौतुकाने म्हणाल्या. “पण तुमचा डबा लावल्यापासून विमानं उलट वाढलीत हो. नातीचा खोकला हटत नाही.”

“अहो, विमानं आता या डब्यांवरूनच वाट ठरवतात! जिथे धूर आणि गोंगाट जास्त, तिथून लांब जातात. आणि तुमचा डबा सांगतोय, इथे महाबळेश्वर आहे. म्हणून सगळी तुमच्याच डोक्यावरून!”

कुमुदताईंनी कव्हर ओरबाडून काढलं. थोड्याच वेळात समोरून येणारं विमान खरंच वळलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग ते कुठे चाललंय ते पाहिलं.

नाल्यापलीकडे, लेकीच्या इमारतीवर. तिच्या डब्यासाठीही उरलेल्या कापडाचं कव्हर त्यांनीच शिवून नेलं होतं, नातवाच्या बारशाला.