लाल मुठीचा चमचा

लाल मुठीचा एक चमचा, ओल्या टॉवेलात गुंडाळलेला.

अर्जातला अकरावा प्रश्न: घरी कोशर (ज्यू आहाराचे नियम) पाळता का? पुढे दोन चौकोन.

मोंटानातलं एक गाव. तिथे ज्यू घर एकच, मार्नीचं. रविवारी सकाळी त्या घरात वर्ज्य डुकराच्या मांसाचे काप तळल्याचा वास.

शेजारीशेजारी दोन सिंक, दोन्ही कोरडे.

चौदा वर्षांच्या मार्नीच्या डोक्यात हे सगळं सकाळपासून एकमेकांवर आदळत होतं. क्लीव्हलँडच्या ज्यू मुलामुलींच्या उन्हाळी शिबिरात तिचा आज पहिला दिवस होता. सकाळी खेळ, दुपारी कला. बाहेरगावची मुलं गावातल्या कुटुंबांकडे राहायची. मार्नीला पेल्त्झबाईंचं घर मिळालं, कारण अकराव्या प्रश्नापुढे तिने 'हो'वर खूण केली होती. 'नाही' म्हटलं तर घेणारच नाहीत, असं तिला वाटलं होतं.

काल संध्याकाळी पेल्त्झबाईंनी खण उघडून दाखवले. निळ्या मुठीचे चमचे दुधाच्या पदार्थांना, लाल मुठीचे मांसाला; दोन्ही कधी मिसळायचे नाहीत. सिंकसुद्धा दोन.

"तुला काय सांगायचं म्हणा. तुमच्या घरी असणारच."

"हो," मार्नी म्हणाली. एका खोट्याची दोन झाली.

आज सकाळी घाईत तिने दही खाल्लं. शेवटच्या घासाला मूठ दिसली. लाल. चमचा बाटला होता. धुवायचा तर कुठल्या सिंकमध्ये? ती दोन्हींच्या मध्ये उभी राहिली. बाहेर बसचा भोंगा वाजला. दह्याची वाटी टेबलावर तशीच टाकून तिने चमचा टॉवेलात गुंडाळला आणि पोहण्याच्या पिशवीत कोंबला.

पोहण्याच्या रिलेत तिने उडी उशिरा मारली. त्यांचा संघ शेवटून दुसरा आला.

"पोहत होतीस की पाण्याखाली लपली होतीस गं?" ब्रिनने विचारलं. ब्रिन मेम्फिसची, पेल्त्झबाईंकडे मार्नीच्याच खोलीत.

मार्नी पिशवीकडे बघत होती. ती बाकावर होती तिथेच होती.

दुपारी मातीकाम. मार्नीचा कप चाकावर दोनदा खचला.

"ही टोपी छान झालीय," ब्रिन म्हणाली.

"ब्रिन, राहत्या घरातून कोणाला काढतात का? मधेच?"

"त्या डेन्व्हरच्या पोराला हलवलं म्हणे. मांजराची ॲलर्जी."

"आणि दुसऱ्या कशासाठी?"

"का? काय चोरलंयस?"

ब्रिन हसली. मार्नीने हात मातीत तसेच दाबून धरले.

जेवायला कोंबडीचं सूप होतं. पेल्त्झबाई वाढत होत्या. त्यांच्या नवऱ्याने, सॉलने, टेबलावर नजर फिरवली.

"डेव्होरा, एक चमचा कमी आहे."

"मग तू काट्याने पी."

"काल सगळे होते."

"काल तू कमी बोलत होतास."

ब्रिनला ठसका लागला. सॉलने उठून कुठूनसा कालवायचा मोठा डाव आणला आणि तो त्यानेच सूप भुरकायला लागला. मार्नीच्या वाटीतलं सूप मात्र गार होत गेलं.

"तुला नको असेल तर राहू दे हं," पेल्त्झबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका नेहमीसारखा होता की मार्नीला रडूच आलं. ती पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली.

पायऱ्यांवर अजून ऊन होतं. मागून पेल्त्झबाई आल्या, हात पुसत.

मार्नीने टॉवेल उलगडला. "मी याने दही खाल्लं." मग थांबता येईना. "आणि आमच्या घरी नाही पाळत. काहीच नाही. अर्जात मी खोटं लिहिलं. मला दुसरीकडे पाठवा, पण घरी नका पाठवू."

पेल्त्झबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या पायरीखालच्या पुदिन्याच्या कुंडीपाशी वाकल्या आणि त्यांनी पानं बाजूला केली. मातीत दोन काटे, एक सुरी आणि एक पळी रोवलेली होती, मुठी वर.

"हा काटा माझ्या धाकट्याने बाटवलेला. हाही त्याचाच. सुरी सॉलची, आणि तो धर्मगुरूचा मुलगा बरं का. पळी सासूबाईंची, ते मात्र कुठे बोलायचं नाही."

"मातीत ठेवलं की ठीक होतं?"

"माझी आजी तसं करायची. सॉलच्या वडिलांना विचारशील तर ते तासभर बोलतील, आणि शेवटी उकळत्या पाण्यात घाल म्हणतील. तेही करू. आधी हे."

"आणि अर्जाचं?"

"मी अर्ज वाचत नाही. कोणाला काय आवडतं तेवढं बघते. तुला दही आवडतं. उद्या निळ्याने खा."

मार्नी गुडघ्यांवर बसली. पुदिन्याची मुळं दाट होती, माती घट्ट. पण पळीच्या शेजारी बोटभर खोल एक भोक होतं. चमचा त्यात अलगद उतरला.

"आत ये," पेल्त्झबाई म्हणाल्या. "सॉल डाव सोडत नाहीये."

ते भोक त्यांनी सकाळी सातला केलं होतं, बस कोपऱ्यावर वळली तेव्हा.