पाळण्याचं पद

पद संपता संपता तान्हा ओम किंचाळला आणि श्रीरामपूरचं ते भरलेलं नाट्यगृह हळहळलं. मग टाळ्या. मग 'वन्स मोअर'.

विंगेत उभी असलेली मनवा ओढणी सावरत पुढे झाली आणि थबकली. भूक नव्हती त्याला. पडदा उघडायच्या आधीच तिने त्याला पाजून, ढेकर काढून निजवलं होतं. भुकेला तो आधी कुरकुरायचा, मग रडायचा. हे रडणं लस टोचल्यावर रडला होता, तसलं होतं.

ओम धनश्रीच्या मांडीवर होता. धनश्री म्हणजे रोज टीव्हीवरच्या मालिकेत दिसणारी सून. तिला बघायला बेलापूर, पुणतांब्याहून बाया टेम्पो भरून आल्या होत्या. गेल्या वर्षी याच जुन्या संगीत नाटकात मुरलेल्या गायिका अंबिकामावशी गायल्या तेव्हा पाळण्यात उशी होती आणि समोर रिकाम्या खुर्च्या. "खुर्च्यांना आवडलं," एवढंच केदार म्हणाला होता. नाटक त्याने उभं केलेलं, ऑर्गनवरही तोच. यंदा धनश्रीची अट होती: बाळ खरं हवं, म्हणजे रील चांगलं होईल. मनवा का-कू करत होती. "मांडीवर झोपायचंच तर आहे त्याला," केदार म्हणाला होता. आपल्याच मुलाबद्दल.

पद पुन्हा सुरू झालं. धनश्रीचा सूर पहिल्याच ओळीत घसरला. कुणाचं काही अडलं नाही. मनवा तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती हात बघत होती. शेवटच्या ओळीला डावा हात दुपट्याखाली गेला. अंगठा आणि बोट. मनगट किंचित वळलं.

ओम किंचाळला. धनश्रीने दिव्यांकडे मान वर केली आणि तिच्या गालावरून खरंखुरं पाणी ओघळलं.

मनवाने केदारकडे पाहिलं. तो रंगमंचाच्या पायथ्याशी, तोंड इकडेच करून बसलेला, तिच्यापेक्षाही जवळ. पुढचा प्रवेश घे, तिने हाताने खुणावलं. केदारने तिच्याकडे बघितलं, दुपट्याकडे बघितलं. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. पाठीमागे पुन्हा 'वन्स मोअर' उठला. त्याने वळून त्या गच्च रांगांवरून एकदा नजर फिरवली, आणि पदाचा पहिला सूर दाबला.

मनवा आहे तशी, चपला घालूनच रंगमंचावर गेली आणि तिने ओमला उचललं.

"अहो, एकदाच अजून," ओठांवरचं हसू न हलवता धनश्री पुटपुटली. "लहान असतात. विसरतात."

समोरच्या पायऱ्या उतरून मनवा खुर्च्यांमधून चालू लागली. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. ओमच्या मांडीवर दोन लालनिळे वळ होते. तिने ते तळव्याने झाकून धरले. ऑर्गन अजून तोच सूर धरून होता.

दाराजवळच्या खुर्चीतून एका म्हातारीने तिची ओढणी धरली. डोळे पुसत, मायेने म्हणाली,

"कुठं न्हेतीस गं त्याला? लई ग्वाड रडतंय. अजून एकदा रडू दे की."