भिंतीकडची रांग

"एक किलो तीनशे दहा," प्रीतीने काट्यावरचा आकडा वाचला आणि कपाळाला हात लावला.

पिल्लू चांगलं गुटगुटीत होतं. डोळे लखलखीत, शेपटीखालचं अंग कोरडं ठणठणीत. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. पण ते भिंतीकडच्या रांगेतलं पिल्लू होतं, आणि भिंतीकडच्या रांगेने असं बाळसं धरायचं काही कारणच नव्हतं.

कल्याणच्या पलीकडे, सगुणाबाईंच्या घरच्या जागेत सशांची ही शेड. ससे हौसेने आणलेले, आणि ती हौस दोन वर्षं नुसती रडवत होती. पिल्लं आईपासून तोडली की त्यांना हगवण लागायची आणि महिन्याभरात निम्मी आटपायची. त्यावर प्रीतीने एक भुकटी तयार केलेली. पोट सांभाळणारी, अंगाला लागणारी. चांगली नोकरी सोडून, ठाण्याला खोपटच्या घरी आईच्या मिक्सरची वाट लावून, दीड वर्ष बाई हात धुऊन त्या भुकटीच्या मागे लागलेली.

परीक्षा साधी होती. चोवीस पिल्लं खिडकीकडे, चोवीस भिंतीकडे. दाणा तोच, पाणी तेच. भुकटी मात्र फक्त खिडकीकडच्यांना. देखभाल धोंडिबाकाकांची, ते रोज उजाडता ठाकुर्लीहून यायचे. एरवी सकाळी टोपलंभर दाणा ओतला की काका मोकळे. प्रीतीने त्यांच्या हातात मापटं दिलं आणि घड्याळ बघून दिवसातून चार वेळा थोडा-थोडा दाणा घालायला लावला. खिडकीकडच्या दाण्यात रोज भुकटीची एक पुडी कालवायची. अठ्ठावीस दिवस, अठ्ठावीस पुड्या.

काल ते दिवस भरले. खिडकीकडे चोवीसच्या चोवीस जिवंत. आणि भिंतीकडे? तिथेही चोवीसच्या चोवीस! वजनंसुद्धा जवळपास तेवढीच.

"सगली जगली ना गो? मंग तोंड का पाडलंस?" सगुणाबाई दारातून म्हणाल्या.

"मावशी, भुकटी न खाता ही जगली कशी, तेच तर कळत नाहीये. उद्या मुरबाडचे, बदलापूरचे ससेवाले येणारेत. ते विचारतील, तुझ्या भुकटीने फरक काय पडला? काय सांगू, काहीच नाही?"

"मना नको इचारू. मना जिती पिल्लां दिसतात," म्हणत बाई निघून गेल्या.

प्रीतीला काही चैन पडेना. तिने दाण्याच्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला, मूठ नाकाशी नेली. नळाचं पाणी चाखून पाहिलं. खिडकीकडचा दाणा उडून पलीकडे जात असेल म्हणावं, तर मध्ये चांगली चार हात वाट. काकांनी रिकाम्या पुड्या दोऱ्यात ओवून खुंटीला टांगल्या होत्या. त्या मोजल्या. अठ्ठावीस भरल्या. एकही कमी नाही, जास्त नाही.

मग उरले एकटे धोंडिबाकाका.

ते मागच्या मोरीवर पाण्याच्या बाटल्या विसळत बसलेले. "जयभीम, पोरी," म्हणाले, पण मान काही वर केली नाही.

"जयभीम, काका. एक विचारू? खरं सांगाल? भिंतीकडच्यांना माझी भुकटी गेली ना?"

काकांचा हात थांबला. "तू चिडशील."

"नाही चिडत. सांगा तर."

"आमच्या लहानपणी गावात लग्न असलं की आमची पंगत गोठ्यामागं बसायची. तिकडच्या सगळ्यांची उठल्यावर. बुंदी तिकडंच संपायची. आम्ही पोरं पत्रावळी मांडून नुसता वास घ्यायचो. आय म्हणायची, खाली बघ, तिकडं बघू नको." त्यांनी ओला हात धोतराला पुसला. "पहिल्या दिवशी तुझी पुडी फोडली, तर भिंतीकडची चोवीस नाकं जाळीला लागलेली. माझा हातच चालंना. एका रांगेला वाढायचं आणि दुसरीनं बघत बसायचं, हे माझ्यानं नाही व्हायचं. मी दोन्ही रांगा सारख्या केल्या."

प्रीतीचे आजोबा कुठल्याच लग्नात जेवायचे नाहीत; पोट बरं नाही म्हणायचे. का ते आज तिला कळलं. माझ्या परीक्षेचा पार विचका केलात, असं ओरडायला हवं होतं खरं तर. पण या माणसावर ओरडायचं कुठल्या तोंडाने?

आणि मग एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक पुडी, दोन रांगा. म्हणजे प्रत्येक रांगेला अर्धीच! अर्ध्या पुडीवर चोवीस पिल्लं जगतात!

"काका!" तिने त्यांचे ओले हात धरले. "अहो, तुम्ही सोनं केलंत! मी वेड्यासारखी दुप्पट भुकटी घालत होते. अर्ध्यात काम होतं! मावशी, अहो मावशी, इकडे या! उद्या येऊ देत सगळ्यांना, अठ्ठेचाळीस पिल्लं समोर उभी करते!"

काका गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "अर्ध्यात? कशाच्या अर्ध्यात?"

"पुडीच्या! दोन्हीकडे वाटून दिलीत ना?"

"वाटणारच होतो गं. पण एवढीशी चिमूट, तिचे आणखी दोन वाटे काय करायचे? कुणाचंच भागलं नसतं." काकांनी मान खाली घातली. "म्हणून मग रोज पुडी फोडायचो आणि या मोरीत सोडून द्यायचो. कुणालाच नाही घातली, पोरी. एक दिवससुद्धा नाही. तुझ्या मापट्यानं चार वेळा थोडा-थोडा दाणा, तेवढाच काय तो दोन्हीकडं."