मंडळाचा गाळा

हौशीराम चौथ्यांदा पाणी प्यायला उठला, तेव्हा राजनंदिनीनं नवऱ्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"अहो, काय वळवळ लावलीय? बसा की गप."

गप बसणं काही त्याला जमेना. दौंडचं मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. स्टेजवर निळ्या मखमलीखाली ट्रॉफी झाकून ठेवली होती. तालुक्याच्या लघुउद्योग मंडळाचा हा वार्षिक पुरस्कार, आणि शेवटच्या तिघांत हौशीरामचं नाव होतं.

खरं तर ट्रॉफीचं त्याला काय कौतुक? वरवंडला हायवेलगत त्याचं ट्रॉफ्यांचंच दुकान होतं. शिल्ड, सन्मानचिन्हं, दारावरच्या पाट्या, पुण्याच्या दुकानांचं उरलंसुरलं नावं कोरायचं काम, जे येईल ते तो करायचा. अख्ख्या तालुक्याचे सत्कार त्याच्या हाताखालून गेले होते. त्याचा स्वतःचा म्हणाल तर एकही नाही.

त्याला हवा होता गाळा. जिंकणाऱ्याला मंडळाच्या नव्या इमारतीत पाच वर्षं बिनभाड्याचा गाळा मिळणार होता. रस्ता रुंद होणार होता आणि दिवाळीनंतर हौशीरामचं दुकान त्यात जाणार होतं. गाळा मिळाला तर धंदा राहील, नाहीतर पंचेचाळिसाव्या वर्षी कुरकुंभला कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर शिफ्टनं उभं राहायचं. याची त्याला भीती वाटत होती, आणि ती तो कुणाजवळ बोलत नव्हता.

तो स्पर्धेत असल्यामुळे मंडळानं यंदाच्या ट्रॉफीचं काम त्याला दिलं नव्हतं. यात वावगं काय, असं तोच सगळ्यांना सांगत फिरायचा.

पलीकडच्या खुर्चीवर तिघांतले दुसरे, कुरकुंभचे गनीभाई होते. ते कंपन्यांना माल रचायला लागणारे लाकडी पॅलेट बनवायचे. निकालापेक्षा जेवणात काय आहे याची त्यांना जास्त चिंता. तिसऱ्या होत्या केडगावच्या अनिताबाई. कडक भाकरी पाकिटात घालून त्यांनी ती पुण्याच्या दुकानांपर्यंत नेली होती. हाताखाली अकरा बायका होत्या. त्या मुद्दाम उठून हौशीरामपाशी आल्या.

"दादा, तुमालाच मिळंल बघा. आमचं काय, भाकरी कुठंबी भाजता येती. तुमच्या मशीनला जागा नको व्हय?"

हौशीरामनं नुसती मान हलवली. त्या गेल्यावर राजनंदिनी म्हणाली, "बाई किती मनानं चांगली हाय." त्याला बायकोचा उगाचच राग आला.

"तुमाला झालंय तरी काय?" तिनं विचारलं. "मंगळवारपासनं धड जेवण न्हाई, झोप न्हाई. त्या दिवशी मशीनवर बसला व्हता तवा सदरा घामानं पिळून निघाला व्हता."

"लाइट गेलती. पंखा बंद व्हता."

"मशीन चालू आन् पंखा बंद?"

"तू जरा गप बस."

नवरा धास्तावलाय हे तिला कळत होतं.

मंडळाचा दरवर्षीचा शिरस्ता ठरलेला होता. मखमल बाजूला करायची, ट्रॉफीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि टाळ्या. भाषणं चालू होती, पण हौशीरामची नजर त्या निळ्या कापडावरून हलत नव्हती. शेवटी मंडळाचे अध्यक्ष सोपानराव माइकपाशी आले.

"यंदा जरा नवं करतोय. निकाल ह्या पाकिटात हाय, परीक्षकांच्या सहीचा. पयलं पाकीट फोडायचं. ट्रॉफी मागनं."

हौशीराम ताडकन उभा राहिला.

"आता कुठं?" राजनंदिनीनं विचारलं.

"बाहेर. जीव घुसमटतोय."

"आन् निकाल कोण ऐकणार? बसा!"

मागच्या रांगेतले लोक बघायला लागले, तसा तो बसला. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. सोपानरावांनी सावकाश चष्मा लावला, पाकीट फोडलं, कागद उलगडला.

"वरवंडचे हौशीराम!"

राजनंदिनीला रडूच फुटलं. गनीभाईंनी त्याला खुर्चीतून उचलून मिठी मारली. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या अनिताबाई वाजवत होत्या. हौशीराम मात्र खुळ्यासारखा बघत राहिला.

"माझं नाव? पाकिटातनं?"

"तुमचंच की ओ! जावा!" गनीभाईंनी त्याला पुढं ढकललं.

तो स्टेजवर कसा पोचला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. शाल आली, नारळ आला. डोळे वाहायला लागले होते आणि ते काही केल्या थांबेनात. लोकांना वाटलं, साधा माणूस, आनंद मावत नाही.

"इकडं बघा," फोटोवाला म्हणाला.

सोपानरावांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. माइक बंद होता. कॅमेऱ्याकडे हसऱ्या चेहऱ्यानं बघत ते हळूच बोलले.

"तिन्ही परीक्षकांनी एकमतानं तुमचं नाव दिलं. गाळा तुमचाच व्हता, हौशीराम."

"सोपानराव, लई उपकार झाले..."

"ऐका. निकाल आधी फुटू नये म्हणून आम्ही पुण्याला तिघांच्याबी नावाच्या पाट्या करायला टाकल्या व्हत्या. जो जिंकंल त्याची पाटी आज ट्रॉफीला लावायची, असं ठरलं व्हतं."

"अजून एक, हसा जरा," फोटोवाला म्हणाला.

"सांजच्याला पाट्यांचा डबा उघडला, तर गनीभाईच्या नावाची एक आन् तुमच्या नावाच्या दोन. पुण्याला फोन लावला. ते म्हणले, दोन पाट्या आम्ही कोरल्या, पण अनिताबाईंची मंगळवारी वरवंडला तुमच्याकडं कोरायला दिली व्हती."