चहा संपेपर्यंत

भट्टीवरच्या सोपान मिस्त्रीने तांब्याचा पाइप उचलला आणि मेहुण्याच्या, जयवंताच्या, थोबाडावर हाणला. दोन दात फरशीवर उडाले.

"पहिली धार पिंपात ओतलीस? विष असतं ते! फेकून द्यायचं असतं!"

"दाजी, आमच्याकडं तर पहिल्या धारेचीच मागतात…"

सोपानने त्याला मानगुटीला धरून पिंपांच्या खोलीत ढकललं आणि लोखंडी दाराला बाहेरून कडी घातली. "मर आत!"

नवं यंत्र बसवल्यापासून त्या खोलीत काळ धावत असे. बाहेर एक चहा पिऊन होईस्तोवर आतली व्हिस्की वर्षभर मुरायची. आत पाण्याचा हौद होता, जवाची पोती होती. माणूस मरणार नाही, एवढं सोपानला ठाऊक होतं.

तो कट्ट्यावर टेकला आणि त्याने चहाचा ग्लास उचलला. अर्ध्या ग्लासातच राग उतरला. काही झालं तरी बायकोचा भाऊ! पण चहा आल्याचा होता, तो टाकवेना. फुंकून फुंकून सगळा पिऊन त्याने कडी काढली.

जयवंत बाहेर आला. दाढी गळ्याखाली उतरली होती, बोटांना नखं उरली नव्हती. दाराच्या आतल्या अंगावर वाळलेल्या रक्ताचे ओरखडे होते. हातात पिंपाची फळी होती.

"चूक माझीच होती, दाजी," तो शांतपणे म्हणाला. "पहिले सहा महिने दाराशी बसून होतो, उघडलं की तुमचे पाय धरायचे म्हणून."

मग त्याची नजर ग्लासाकडे गेली.

"सगळा संपवलात?"

सोपान ग्लास मागे लपवणार, तोच फळी त्याच्या कानशिलावर फुटली.