पेटीतला कागद

हौसाबाईंनी अंगणातल्या दोरीवरचे निवडुंगाचे कागद एकेक करून पिळले, पण वाटीत थेंबही पडला नाही. विहिरी आटल्यापासून रात्रभर हवेतली ओल पिणाऱ्या या कागदांवरच गाव तगून होतं. आता ते जुने होऊन ओल धरेनासे झाले होते, आणि नवे करायला माळावर निवडुंगाचं एक पानही उरलं नव्हतं.

"आत्या, पेटीतला कागद काढा," सून शेवंता म्हणाली. "पोरीची जीभ टाळ्याला चिकटलीया."

तोही निवडुंगाचाच कागद; त्यावर हौसाबाईंच्या लेकानं शाळेत असताना शाईनं बैलजोडी काढली होती. लेक गेल्या साली गेला. कागद मात्र पेटीत ओल धरून जड झाला होता.

कागदाला चुकून पाय लागल्यावर लावतात, तसा हौसाबाईंनी तो कपाळाला लावला आणि डोळे मिटून पिळला.

वाटीत घोटभर निळं पाणी आलं. नातीनं ते एका दमात संपवलं आणि निळ्या ओठांवरून जीभ फिरवत विचारलं,

"आज्जे, बाबानं आणखी चित्रं न्हाई काढली?"