बारीक आवाज

"काका, नवी डिस्क एसएसडी टाकली तर लॅपटॉप पळेल, पण तेवढ्याच पैशात जागा कमी मिळेल. आत्ता आहे तशी हायब्रिड घेतली तर जागा भरपूर, वेग मात्र असाच," लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातली मुलगी म्हणाली.

"एसएसडीच टाक," ठोसर म्हणाले. "शाल्मलीच्या नावाचं फोल्डर वगळ, म्हणजे बाकीचं मावेल."

त्यांची शाल्मली जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा फोटो बायकोनंच भिंतीवरून उतरवला, त्या दिवसापासून घरात लेकीचं नाव कुणी काढलं नव्हतं. खपली निघायला नको, म्हणून ठोसरांनी त्या फोल्डरला हातही लावला नव्हता.

लॅपटॉप रडतखडत सुरू झाला. साधं विजेचं बिल उघडायलाही त्यानं मिनिटभर घेतलं. मग वगळायचं ते हेच ना, याची खात्री करायला दुकानातल्या मुलीनं ते फोल्डर उघडून एका रेकॉर्डिंगवर क्लिक केलं, आणि ते झटक्यात सुरू झालं. आवाज अगदी बारीक होता. तिनं तो वाढवला.

"आई, निघालेय मी. जेवायला थांब हं."

"हे कसं लगेच लागलं?" ठोसरांनी विचारलं.

"तुम्ही जे सारखं उघडता, ते हायब्रिड डिस्क हाताशी ठेवते, काका. हे तर रोज ऐकलं जात असणार."

घरात माणसं दोनच होती, आणि ठोसरांनी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

"हायब्रिडच टाक," ते म्हणाले. "काही वगळू नकोस."

आवाज इतका बारीक का ठेवला होता, तेही आता त्यांना कळलं. शेजारच्या खोलीत ते पेपर वाचत बसलेले असायचे.